दहाव्याला बदललेलं पाणी

प्रमिला, टाकीची काच इतकी स्वच्छ तू कधीच ठेवली नव्हतीस. मागच्या काचेवर हिरवट थर तू मुद्दाम राहू द्यायचीस. गप्पी मासे दिवसभर तिथे तोंड लावून चरत असायचे. आता तो थर नाही. टाकीच्या पलीकडची भिंत दिसते, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, कॅलेंडरावरची तारीखही वाचता येते. पाण्यातून आरपार दिसतं, कारण पाण्यात काहीच उरलेलं नाही.

तू जाऊन आज सदतीस दिवस झाले. तुला सांगायला म्हणून मी रोज बसतो आणि दुसरंच काहीतरी लिहून उठतो. काल पानभर लिहिलं, ते सगळं हॉस्पिटलबद्दल होतं. फाडून टाकलं. तिथे तू होतीस, ते तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते सांगायचं आहे. ते तू गेल्यानंतर दहाव्या दिवशी झालं, आणि ते माझ्यामुळे झालं.

पण एकदम तिथे जाता येत नाही मला. थोडं मागून येऊ दे.

तुला आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? तू धागे कापलेल्या साड्यांचं बोचकं पोचवायला मार्केटात गेली होतीस. व्यापाऱ्याच्या गादीमागे माशांची टाकी होती. घरी आलीस आणि चहा टाकायच्या आधीच म्हणालीस, "त्या शेठच्या टाकीत झाडं प्लॅस्टिकची आहेत हो. मासे जातात, तोंड लावतात आणि परत येतात. पुन्हा जातात. मला नाही बघवलं." दोन दिवस तू तेच सांगत होतीस. प्लॅस्टिकच्या झाडाला माशानं पुन्हा पुन्हा तोंड लावणं. मी सूरतभर हिंडलो असेन, हजार टाक्या पाहिल्या असतील, मला ते कधी दिसलं नव्हतं.

म्हणून मी तीन फुटांची टाकी आणली. आणि तुला लाल रंग आवडतो म्हणून दोन गोल्डफिश आणले. तू जिग्नेशभाईच्या दुकानातून व्हॅलिस्नेरियाच्या बारा काड्या आणल्यास, वाळूत एकेक बोटानं लावल्यास, धानाची रोपं लावावीत तशा. दोन दिवसांत दोघा गोल्डफिशनी बाराही उपटल्या. अर्ध्या खाल्ल्या, अर्ध्या वर तरंगत होत्या. मी टाकीसमोर हात बांधून उभा होतो. तू आलीस, बघितलंस आणि हसत सुटलीस.

"मास्तर, भाजीच्या वाफ्यात बैल सोडलात तुम्ही!"

मग मी वाचायला लागलो. माझ्याकडे दुसरा उपाय कधीच नसतो, हे तुझंच म्हणणं. फुलस्केप कागद आडवा धरून मी तक्ता आखला. डावीकडे झाड, उजवीकडे मासा, मधे पाणी, उजेड, तापमान. कोणतं झाड कुणाबरोबर. गोल्डफिशबरोबर फक्त जावा फर्न आणि अनुबियास, कारण त्यांची पानं जाड आणि कडू, ते तोंड लावून सोडून देतात. बाकी काही नको. तू तक्ता वाचलास, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलास आणि गोल्डफिशसाठी गॅलरीत एक टब भरून त्यात तरंगतं शेवाळासारखं बारीक हिरवं सोडलंस. ते दोघं होते तोवर ते खायचे आणि ते पुन्हा वाढायचं. "खाल्लेलं झाड परत वाढत असेल तर खाऊ दे ना," तू म्हणालीस. "तुमच्या तक्त्यात वाचवायचं तेवढंच आहे, खाऊ घालायचं कुठे आहे?"

त्या तक्त्यावर तू पेन्सिलनं लिहायला लागलीस. सातवीपर्यंतचं तुझं अक्षर, गोल आणि जरा मागे झुकलेलं. मॉलीच्या ओळीत, 'भांडखोर. पाणी जड लागतं. व्हॅलिसबरोबर सुखी.' गुरामीच्या ओळीत, 'वर तरंगती झाडं पाहिजेत, नाहीतर नर उदास.' कोरीच्या ओळीत, 'या पोरी आहेत. क्रिप्ट जुनं झाल्याशिवाय आणू नयेत.' क्रिप्टोकोरायन हे नाव तुला उच्चारायचा कंटाळा. तांबूस पानांचं ते ठेंगणं झाड, तू त्याला क्रिप्ट म्हणायचीस. कोरी म्हणजे कोरिडोरस, बोटाच्या पेराएवढे, मिशावाले, तळाशी घोळक्यानं वाळू हुंगत फिरणारे मासे. माझ्या तक्त्यात फक्त 'चालेल' असं लिहिलं होतं. तू दीड महिना थांबलीस. क्रिप्टची मुळं वाळूत धरली की नाही ते रोज एक पान हलकेच ओढून बघायचीस. मुळं धरल्यावर मगच सहा पोरी आणल्यास. त्या क्रिप्टच्या पानांखाली सावलीत जाऊन बसल्या आणि तू मला हाक मारलीस, "अहो, या, पोरी सासरी रुळल्या."

हे सगळं मी शाळेत स्टाफरूममध्ये सांगायचो. म्हणायचो, आमच्या घरी एक शास्त्रज्ञ आहे, तिच्यापुढे माझं पुस्तक चालत नाही. सगळ्यांना सांगितलं. तुला नाही सांगितलं. तुला मी इतकंच म्हणायचो, "हं, बरोबर असेल."

आपलं एक भांडण राहिलंय. तुला निऑन टेट्रा हवे होते. निळी रेघ असलेले ते इवलेसे मासे, जावा फर्नच्या काळपट पानांपुढून थवा गेला की कसा दिसेल, हे तू हातानं करून दाखवायचीस. मी नाही म्हटलं. त्यांना मऊ पाणी लागतं आणि आपल्या उधन्याच्या पाण्यानं बादलीला पांढरी पुटं चढतात. टिकणार नाहीत, मी म्हटलं. तीन वर्षं म्हणत राहिलो. शेवटी तू चिडलीस.

"पुस्तकातल्या पाण्याचं मला काय सांगता? आपण खानदेशातून आलो, आपल्याला कुणी विचारलं होतं, हे पाणी चालेल का? टिकलोच ना?"

"आपण मासे नाही, प्रमिला."

"तेच म्हणते मी. मासे आपल्यापेक्षा शहाणे असतात. आणा तर खरं, मग बघू."

मी आणले नाहीत. मी अजूनही म्हणेन की माझं बरोबर होतं. पण हे मला तुझ्याशी भांडत म्हणायचं होतं. एकट्यानं बरोबर असण्याचं मी काय करू?

तू दिवसभर साड्यांचे सुटे धागे कापायचीस, आणि संध्याकाळी तोच कटर धुऊन टाकीतली पिवळी पानं कापायचीस. कधी नखाला चिकटलेली जरीची तार पाण्यात पडायची. एकदा गुरामीच्या नरानं फेसाचं घरटं बांधलं, त्यात पानांच्या तुकड्यांबरोबर जरीचा सोनेरी धागा गुंफला. तू फिल्टरचा झोत कमी केलास, पंखा बंद केलास, मे महिना होता, आणि आपण दोघं घामानं निथळत टाकीसमोर बसलो. तू म्हणालीस, "याची बायको मोठ्या घरची दिसते." मी हसलो. आपल्या घरात तेव्हा लहान कुणी नव्हतं आणि नंतरही झालं नाही, त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. त्या दिवशीसुद्धा नाही. तू फक्त घरट्याकडे बघत राहिलीस आणि मी तुझ्याकडे न बघण्याची काळजी घेत राहिलो. तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. काय, ते मला आजही सुचत नाही.

आता हॉस्पिटल. एवढंच, की तू बोलू शकत होतीस त्या शेवटच्या सकाळी तू स्वतःबद्दल काही विचारलं नाहीस. तू म्हणालीस, "पाणी पाव बदला. पावच. अर्धंसुद्धा नाही. नळाचं पाणी एक दिवस बादलीत बसू द्या, त्यातली जंतू मारायची दवा उडून जाऊ दे. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीच्याच पाण्यात पिळा." मी मान हलवली. तू माझ्याकडे बघत राहिलीस. माझ्या मान हलवण्यावर तुझा कधीच विश्वास नव्हता. "तोंडानं म्हणा," तू म्हणालीस. तेवढ्यात तुझं औषध घेऊन नर्स आली आणि मी बाजूला झालो. तोंडानं म्हणायचं राहिलं.

दहावा दिवस.

अक्का नंदुरबारहून धाकट्या भावासाठी दुसऱ्याच दिवशी धावून आली होती. तुला माहीत आहे ती कशी आहे. आल्यापासून तिनं घर ओढून घेतलं. कोण येतंय, कुणाला चहा, कुणाला पाणी, मी जेवलो की नाही. रडायचं ते स्वयंपाकघरात, बाहेर येताना पदरानं तोंड पुसून. तिनं नऊ दिवस माशांना खाणं घातलं, चिमूटभर, मी सांगितलं तसं. तिच्यावर मला रागावता येत नाही, प्रमिला. मी करून बघितलं.

दहाव्याला सकाळी आम्ही तापीवर निघायच्या तयारीत होतो. दारात न्हावी आला होता, भटजींचा फोन येऊन गेला होता, चुलत भाऊ रिक्षा घेऊन खाली उभे. आणि घरात सुतक फिटायचं म्हणून धुणं सुरू झालं होतं. गाद्या बाहेर, पडदे भिजत घातलेले, माठ रिकामा, पिंप रिकामं, तांब्याकळशांतलं सगळं पाणी मोरीत. आपल्याकडे असतंच ते. घरात मरणाचं पाणी ठेवत नाहीत. अक्का पदर खोचून दिवाणखान्यात आली, टाकीसमोर थांबली आणि मला विचारलं. विचारलं तिनं. तिनं मला विचारलं, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

"भाऊ, हाई काचनी पेटीनं पानी बी टाकनं पडी ना? सुतकनं पानी घरमा ठेवतस नही."

खोलीत सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं. त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं की ते पाणी म्हणजे नळाचं पाणी नाही, नऊ वर्षांत तू ते पाव-पाव करून बनवलंयस. वाळूत, स्पंजात, लाकडावर जे जिवंत असतं त्यावर ती झाडं आणि ते मासे उभे असतात, आणि ते डोळ्यांना घाणच दिसतं. मला सगळं माहीत होतं, तू शिकवलं होतंस. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? बायकोचं दहावं आहे आणि हा माशांचं बोलतोय, असं म्हणतील. एवढंच आलं. वाटलं, थोडं काढतील, बादलीभर. वाटलं की नाही, तेही आता नक्की सांगता येत नाही. कदाचित हे मी नंतर घडवलेलं असेल.

मी मान हलवली.

तापीवरून परतायला दोन वाजले. डोक्यावर केस नाहीत, ऊन लागत होतं. पिंडाला कावळा लगेच शिवला होता, सगळे म्हणत होते, परमिलाचं काही राहिलेलं नाही. मी जिना चढून आलो आणि दारातूनच मला ते कॅलेंडर दिसलं. टाकीच्या आरपार.

"देख भाऊ," अक्का म्हणाली. ती पार थकली होती, हाताला वाळू लागलेली. "परमिलानी पेटी कशी चमकी ऱ्हायनी, देख."

तिनं सगळं काढलं होतं. वाळू चार पाण्यांनी धुतली होती. फर्न बांधलेलं लाकूड भांड्यांच्या पावडरीनं घासलं होतं. स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला होता. क्रिप्ट, नऊ वर्षांची मुळं असलेलं क्रिप्ट, उपटून, मुळं धुऊन, नीट ओळीत पुन्हा वाळूत खोचलं होतं, तुळशीच्या कट्ट्याभोवती झेंडू लावावा तसं. आणि मासे स्टीलच्या पातेल्यातून ताज्या पाण्यात सोडले होते. नळाच्या. मासे वर येऊन तोंड उघडत-मिटत होते. अक्का म्हणाली, बघ, भूक लागलीय त्यांना.

मी म्हटलं, "छान झालं, अक्का."

पहिले मॉली गेले. मग गप्पी, एका दिवसात पाच. गुरामीची मादी आधी, नर दुसऱ्या दिवशी. झाडांचं जरा उशिरा. व्हॅलिसच्या लांब पट्ट्या काचेसारख्या झाल्या आणि हाताला लागताच तुटायला लागल्या. क्रिप्ट तर वितळलं. तू एकदा म्हणाली होतीस, क्रिप्टला हलवलं की ते रुसतं, पानं विरघळतात. मी त्याला पुस्तकातला शब्द सांगितला होता आणि तू म्हणाली होतीस, रुसणंच बरोबर आहे. पण रुसणं असं असेल असं वाटलं नव्हतं. सकाळी पान असायचं, दुपारी त्या जागी तपकिरी लाळ.

मी रोज चाळणीनं काढत होतो आणि कागदात गुंडाळत होतो. अक्काला दिसू नये म्हणून ती आंघोळीला गेली की. तिनं विचारलं तर पानांमागे लपलेत म्हणायचो. तेराव्यापर्यंत घराबाहेर पडायचं नाही, अशी रीत. म्हणून मी जिग्नेशभाईकडे गेलो नाही. पडायचं नाही म्हणजे काय? कुणी कडी लावली होती? फोन करता आला असता. पण फोनवर त्यानं आधी तुझं विचारलं असतं.

चौदाव्या दिवशी अक्का गावाला गेली आणि मी दुकानात गेलो. त्यानं माझं डोकं बघितलं नसावं, टोपी होती.

"आवो सर! आजे एकला? बेन नथी आव्यां?"

मला ते वाक्य बोलता येईना. मी दुसरंच बोललो. म्हटलं, मासे मरताहेत, पाणी बदललं.

"केटलुं?"

"सगळं. वाळू धुतली. स्पंज पण."

तो जाळी धूत होता, ती त्यानं खाली ठेवली. "कोणे? बेने?" आणि मग स्वतःच मान हलवून म्हणाला, "ना सर. बेन आवुं करे ज नै."

बेन असं करणारच नाही. त्याला इतकं ठाम माहीत होतं. आणि ते म्हणतानाच त्याला कळलं. माझी टोपी, माझा चेहरा, आणि तू नसणं. तो तसाच वळला. आत गेला, आपल्या सगळ्यात जुन्या टाकीचा फिल्टर उघडला आणि त्यातला स्पंज एका पिशवीत पिळला. काळं पाणी. पिशवीला गाठ मारून माझ्या हातात दिली. "आ गंदु नथी, सर. आमां ज जीव छे. बेनने खबर हती." पैसे घेतले नाहीत. मी ती पिशवी छातीशी धरून रिक्षात बसलो. बाजूचा माणूस जरा सरकून बसला.

उशीर झाला होता. काळं पाणी ओतलं तेव्हा पाच मासे होते, पाचही पोरी. एक आधीच गेलेली. मी रोज पाव पाणी बदललं, पावच. आदल्या दिवशी बादलीत बसू दिलं. तोंडानं म्हणत बदललं, प्रमिला, टाकीसमोर उभं राहून, मोठ्यानं, "पावच. अर्धंसुद्धा नाही." शेजारच्या भाभींना वाटलं असेल याचं काहीतरी बिघडलं. पाचाच्या तीन झाल्या. मग एके दिवशी शाळेतून आलो तर एकच.

त्या एकीचं काय सांगू! ती फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात बसायची. वाळू हुंगत नव्हती. खाणं अगदी तोंडाशी सोडलं तरी तसंच पडून राहायचं. क्रिप्टची सावली नाही, बहिणी नाहीत. मी आपलं मोठं पिंपळाचं पान धुऊन, उकळून, वाळवून तिच्यावर सावलीसाठी तिरकं ठेवलं. ती त्याखाली गेली नाही. मी खुर्ची ओढून तिच्या कोपऱ्यापाशी बसायचो, वह्या तपासायचो. तुझ्या हातचं खाल्लेलं ते शेवटचं जिवंत होतं घरात. मी सोडून. मी शाळेत जाताना दार लावायचो आणि जिन्यावरून परत यायचो, ती आहे का बघायला.

तीन दिवसांनी पुन्हा दुकानात गेलो. म्हटलं, हिच्यासाठी पाच कोरी द्या. त्यानं नाही म्हटलं.

"अत्यारे तमारी टांकीमां हुं एक पण माछली नै आपुं. मरी जशे. बे महिना खाली चलावो. क्रिप्टनां मूळ छे ने? हाथ नै लगाडता. मूळ जीवतुं हशे तो पान पाछां आवशे. पछी माछली."

"दोन महिने टाकी रिकामी? आणि ही? क्रिप्टला पानं फुटेपर्यंत हिचं काय?"

त्यानं मागच्या टाकीकडे बोट केलं. "आ एकली नै जीवे, सर. आ टोळामां रहेवावाळी जात छे. मारे त्यां लई आवो. मारी पासे सात छे, क्रिप्टवाळी टांकीमां. बे महिना पछी लई जजो, बहेनपणी साथे."

मी घरी आलो. त्याच्याकडच्या सातजणींत सोडायची आणि दोन महिन्यांनी मैत्रिणींसकट परत आणायची, एवढंच होतं. दोन दिवस मी तिला नेलं नाही. मला कळत होतं की ठेवली तर मरेल, आणि तरी ठेवली. म्हटलं, आज खाईल. ती घरातून गेली म्हणजे तुझ्या टाकीत श्वास घेणारं काही राहणार नाही, फक्त फिल्टरचे बुडबुडे. ती मरेपर्यंत तरी माझ्याजवळ असेल, असंही मनात आलं. हेही तुला सांगून टाकतो. असा विचार करणारा माणूस तुझा नवरा आहे. तिसऱ्या दिवशी ती कुशीवर कलली, पुन्हा सरळ झाली, आणि मी तिला जेवणाच्या डब्यात तिच्याच पाण्यात घेऊन निघालो. तो पंचविसावा दिवस.

मधे अक्काचा फोन आला होता. "मासा बरा शेतस ना, भाऊ?" मी म्हटलं, "शेतस, अक्का." ती म्हणाली, परमिलाच्या हातचं आहे, जप. तिला मी कधीही सांगणार नाही. एवढं एक मी ठरवलंय. तुला सांगितलं, तेवढं पुरे.

जिग्नेशभाईनं डबा अर्धा तास त्या टाकीत तरंगत ठेवला, मग तिरका केला. ती तळाशी गेली आणि एका कोपऱ्यात बसली. बाकीच्या सात क्रिप्टच्या पानांखाली. मी शाळा सुटली की रोज जायला लागलो. तो स्टूल देतो आणि गिऱ्हाइकांकडे वळतो. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशीही कोपऱ्यातच, पण त्या सातातली एक तिच्यापाशी येऊन वाळू हुंगत होती. मी घरी येऊन जेवलो त्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी रविवार होता, दुकानात गर्दी. मी पोचलो तर एक माणूस आपल्या मुलीसाठी तळातले मासे मागत होता, चार हवे होते, आणि जिग्नेशभाईच्या हातात जाळी होती. मला बघून तो थांबला. त्या माणसाला म्हणाला, एक मिनिट. मग माझ्याकडे वळला.

"सर, आमां तमारी कई? बतावो, एने बाजुए राखुं."

मी वाकलो. कोपऱ्यात कुणी नव्हतं. क्रिप्टच्या पानांखाली आठ जणी होत्या, आठही वाळू हुंगत, मिशा हलवत, एकीच्या अंगावरून दुसरी जात. मी एकेक बघितली. पाठीवरचे ठिपके बघितले. तू असतीस तर लांबूनच सांगितलं असतंस. तुला प्रत्येकीचं वेगळं काही माहीत असायचं, एकीची मिशी आखूड, एकीचं शेपूट फाटकं. मला तू ते सांगायचीसही आणि मी पुस्तकातून मान वर न करता "हं" म्हणायचो. तो माणूस थांबला होता. त्याची मुलगी काचेला बोट लावून उभी. जिग्नेशभाई वाट बघत होता, आणि मला एकीकडे बोट दाखवून सुटता आलं असतं.

"मला ओळखता येत नाही," मी म्हटलं. तोंडानं म्हटलं, सगळ्यांसमोर. "मला ती ओळखता येत नाही, जिग्नेशभाई."

त्यानं जाळी खुंटीला लावली. त्या माणसाला म्हणाला, "आ वेचवानी नथी, भाई. बीजुं बतावुं."

त्याला आता नऊ दिवस झाले. आठही तिथेच आहेत, त्यानं एकही विकली नाही. मी रोज पाच वाजता जातो, स्टुलावर बसतो आणि बघतो. काल वाटलं, ती डावीकडची. आज नाही वाटलं. पहिले दोन दिवस ती मला ओळखू यायची, कारण ती एकटी बसायची. आता ती खाते, फिरते, सावलीला जाते. ती बरी झाली आहे, प्रमिला, आणि म्हणूनच मला ती सापडत नाही. यानं मला आनंद व्हायला हवा. मी काचेला नाक लावून बसतो, दुकान बंद व्हायची वेळ होते, जिग्नेशभाई दिवे मालवायला लागतो आणि त्या टाकीवरचा दिवा सगळ्यात शेवटी मालवतो.